उन्हाळ्यातील जेल सनस्क्रीन : चार आठवड्यांचा आढावा

ट्यूबवर ५० ग्रॅम असे छापलेले होते. पहिला आठवडा संपला तेव्हा मी ती ट्यूब लहान डिजिटल काट्यावर ठेवली, तर सात दिवसांत तिचे वजन जेमतेम ३ ग्रॅमने घटलेले होते. रोज सकाळी चेहऱ्याला आणि मानेला मनापासून सनस्क्रीन लावते असे मला वाटत होते. प्रत्यक्षात एका वेळी अर्धा ग्रॅमसुद्धा वापरला जात नव्हता. एसपीएफचा, म्हणजे उन्हाने त्वचा भाजण्यापासून किती संरक्षण मिळते त्याचा, आकडा ठरवताना प्रयोगशाळेत त्वचेच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर २ मिलिग्रॅम सनस्क्रीन लावतात. चेहरा आणि मानेचा पुढचा भाग मिळून साधारण ६०० चौरस सेंटिमीटर धरले, तर एका वेळी १.२ ग्रॅम लागते. म्हणजे मी त्याच्या एक तृतीयांशावर दिवस काढत होते, आणि ट्यूबवरचा एसपीएफ ५० हा आकडा माझ्या चेहऱ्यापुरता नावालाच उरला होता.

म्हणून या आढाव्यात मी एकच कसोटी लावली आहे : भर उन्हाळ्यात, घामाने अंग चिंब असताना, हे सनस्क्रीन पूर्ण मात्रेत लावणे सहन होते का? कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण याच धर्तीची जेल अनेक नावांनी विकली जातात. पाण्यासारखे पातळ, पारदर्शक, एसपीएफ ५०, पीए या संरक्षणाच्या श्रेणीपुढे चार अधिकचिन्हे आणि घटकांच्या यादीत वरच्या ओळीतच अल्कोहोल, असे वर्णन जुळले की ते त्याच जातकुळीतले समजावे.

माझी त्वचा मिश्र आहे. कपाळ आणि नाक तेलकट, गाल बेताचे कोरडे. थंडीत मी सकाळी व्हिटॅमिन सी सिरम, त्यावर शिया बटर असलेले जाड मॉइश्चरायझर आणि त्यावर क्रीमसारखे सनस्क्रीन असे तीन थर लावत असे. उकाडा सुरू झाल्यावर हीच रचना अंगावर येऊ लागली. दुपार होण्याआधी चष्मा नाकावरून घसरायचा, कपाळ तुकतुकीत दिसायचे, आणि दुसऱ्या आठवड्यात केसांच्या रेषेलगत व मानेवर बारीक, खाजणाऱ्या पुटकुळ्या उठल्या. मी त्यांना मुरुमे समजून त्यांच्यावर औषध लावत बसले होते, पण ते घामोळे होते. घामाच्या नलिकांची तोंडे बुजली की घाम त्वचेखालीच अडकतो, आणि जाड, तेलकट क्रीम अशा वेळी अडथळ्यात भरच घालते. सकाळचे मॉइश्चरायझर बंद केल्यावर आणि रात्री त्याऐवजी ग्लिसरीनचे हलके जेल वापरल्यावर ते आपोआप बसले.

मॉइश्चरायझर पूर्णपणे सोडून द्यावे, असे मात्र मी म्हणणार नाही. दमट हवेत घाम वाळत नाही आणि चेहरा सतत ओलसर वाटतो. कोरड्या उष्णतेत किंवा दिवसभर वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याच्या त्वचेतील पाणी भराभर उडून जाते, मग वरून तेल सुटत असले तरी आतून त्वचा ताणल्यासारखी होते. या सनस्क्रीनमध्येच ग्लिसरीन असल्यामुळे माझ्या त्वचेला सकाळी वेगळ्या थराची गरज उरली नाही. कोरड्या त्वचेच्या माणसाला ती उरेल.

आता प्रत्यक्ष जेलविषयी. तळहातावर काढल्यावर ते ओघळू लागते, त्यामुळे १.२ ग्रॅम एकदम घेतले तर निम्मे बोटांच्या फटींतून खाली जाते. मी ते दोन वेळा घेऊन लावते. पहिला थर किंचित ओलसर असतानाच दुसरा. अल्कोहोलचा वास क्षणभर जाणवतो, मग थंडावा येतो आणि मिनिटाभरात चेहरा कोरडा होतो. झिंक ऑक्साइडच्या क्रीमने येतो तसा भुरकट पांढरा थर अजिबात राहत नाही. दोन थरांनंतरही चेहऱ्यावर काही थापले आहे असे वाटत नाही, आणि याच एका गुणामुळे हे सनस्क्रीन माझ्या कसोटीला उतरले. आधीचे क्रीम एवढ्या मात्रेत लावणे मला एक दिवसही जमले नव्हते.

दोष आहेत, आणि ते लहान नाहीत. घाम आला की जेल भुवयांवरून ओघळते आणि डोळे असे चुरचुरतात की काही वेळ उघडवत नाहीत. पापण्यांच्या आसपास मी आता मेणाचा आधार असलेली सनस्क्रीनची कांडी फिरवते. ती जागेवरून हलत नाही. दुसरा त्रास असा, की सिरमवर लगेच हे जेल चोळले तर अंगावरचा मळ सुटावा तसे बारीक गोळे निघतात. सिरम पूर्ण मुरू द्यायचे आणि मग चोळण्याऐवजी थापून लावायचे, हे कळेपर्यंत माझ्या चार-पाच सकाळी वाया गेल्या. चष्म्याच्या नाकावरच्या टेकूंखालचे जेल तर तासाभरात पुसले जाते. तिथल्या त्वचेवर दोन ठिपके उरलेल्या चेहऱ्यापेक्षा अधिक रापलेले दिसू लागले, तेव्हा ते माझ्या ध्यानात आले.

वेष्टनावर 'घामातही दिवसभर संरक्षण' असा दावा आहे, त्याला माझा आक्षेप आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११च्या नियमांत 'जलाभेद्य' आणि 'घामाभेद्य' असे शब्द सनस्क्रीनवर छापायलाच मनाई केली. पाण्यात ४० किंवा ८० मिनिटे टिकते, एवढेच तिथे चाचणीच्या आधारे लिहिता येते. उन्हात असताना दर दोन तासांनी, आणि घामाने भिजल्यावर किंवा चेहरा पुसल्यावर लगेच, सनस्क्रीन पुन्हा लावावे लागते. या जेलची जमेची बाजू अशी, की हा दुसरा थर सुसह्य ठरतो. मात्र आधी चेहऱ्यावरचा घाम मऊ सुती कापडाने टिपून घ्यावा लागतो, नाहीतर जेल घामातच कालवले जाते.

आकड्यांविषयी थोडे. एसपीएफ ३० त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी या अतिनील किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवते आणि ५० सुमारे ९८ टक्के. पण हे हिशेब पूर्ण मात्रेचे आहेत. पीए ही जपानमधून आलेली श्रेणी त्वचेत खोलवर जाणाऱ्या यूव्हीए या अतिनील किरणांसाठी असते. साध्या काचेतून यूव्हीबी फारसे येत नाहीत, यूव्हीए मात्र बऱ्याच प्रमाणात आत शिरतात. मी दिवसभर खिडकीजवळ बसून काम करते, त्यामुळे मला ५० या आकड्याइतकेच त्या चार अधिकचिन्हांचेही मोल वाटते.

सनस्क्रीन बदलताना बाकीची मांडणीही थोडी हलवावी लागली. दिवसातून चार-पाच वेळा फेसवॉशने तोंड धुण्याचा मोह मी आवरला; दोनदा फेसवॉश आणि मधे नुसते पाणी पुरते. ग्लायकोलिक आम्ल त्वचेला उन्हाबाबत हळवे करते, म्हणून ते आठवड्यातून एका रात्रीवर आणले. खिडकीत ठेवलेले व्हिटॅमिन सी सिरम चहासारखे तपकिरी झाले होते. ते टाकून नवी बाटली फ्रिजमध्ये ठेवली. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत गेल्या वर्षीच्या सनस्क्रीनची ट्यूब विसरली होती. ती दाबल्यावर आधी पिवळसर पाणी आले आणि मागून दाणेदार गोळा. तीही टाकून दिली, कारण असे फुटलेले क्रीम चेहऱ्यावर सारखे पसरत नाही आणि त्याच्या संरक्षणाची काहीच खात्री उरत नाही.

तेलकट किंवा मिश्र त्वचेच्या, खूप घाम येणाऱ्या माणसाला मी हे जेल निःशंकपणे सुचवीन. त्वचा कोरडी, सोललेली किंवा हळवी असेल, तर अल्कोहोलमुळे आग होण्याचा संभव आहे. आधी जबड्याखाली दोन-तीन दिवस लावून पाहावे. वांग असलेल्यांनी मात्र पारदर्शक जेलऐवजी लोहाची ऑक्साइडे असलेले, त्वचेच्या रंगाचे सनस्क्रीन घ्यावे, कारण वांग दृश्य प्रकाशानेही गडद होतो आणि तो प्रकाश या जेलमधून सहज पार होतो.

पहिली ट्यूब चौथ्या आठवड्यात संपली. काल दुसरी उघडली, तेव्हा तिच्यावर पेनाने तारीख लिहून ठेवली आहे. सकाळी आणि दुपारी प्रत्येकी १.२ ग्रॅम धरले तर ती एकविसाव्या दिवशी संपायला हवी. त्यानंतरही तिच्यात जेल उरलेले दिसले, तर माझा हात पुन्हा आखडला असे मी समजेन.