हेडरचं नाव बदलताना: पुलाची फाइल की सिमलिंक?

पणजीच्या कदंब स्टँडवर 'पंजिम' म्हणा की 'पणजी', बस तीच मिळते. आमच्या लायब्ररीतल्या हेडरांची, म्हणजे इतर कोड ज्या फाइली आपल्यात ओढून घेतो त्यांची, नावं बदलताना मला नेमकं हेच हवं होतं: जुन्या नावानेही तीच फाइल मिळावी.

सिमलिंक, म्हणजे जुन्या नावावरून नव्या फाइलकडे नेणारा दुवा, पाच मिनिटांत होते. पण जुनं नाव मुकाट्याने चालत राहतं, त्यामुळे ते सोडायला हवं हे कुणालाच कळत नाही. शिवाय विंडोजवर गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) सिमलिंकची सोय बंद असेल, तर लिंकच्या जागी फक्त पत्ता लिहिलेली मजकुराची फाइल उतरते आणि कंपायलर तिथेच अडतो.

म्हणून माझं मत पुलाच्या फाइलला. जुन्या नावाच्या फाइलमध्ये दोनच गोष्टी ठेवायच्या: एक इशारा आणि नव्या हेडरचा इन्क्लूड, म्हणजे ते ओढून घेणारी ओळ. जुना कोड चालतो, आणि प्रत्येक बिल्डला, म्हणजे कोड कंपाइल करताना, आठवणही होते. मात्र इशाऱ्यालाच चूक मानणारी बिल्ड यामुळे तुटते. अशांसाठी इशारा बंद करणारा मॅक्रो (कंपाइल करताना ठरवता येणारं नाव) पहिल्याच दिवशी द्या, हे मी कळकळीने सांगतो.

जीसीसी या कंपायलरने 'आयोस्ट्रीम.एच' हे सी++चं जुन्या नावाचं हेडर असंच इशाऱ्यासह वर्षानुवर्षं सांभाळलं आणि 2008 मध्ये, 4.3 आवृत्तीत, काढून टाकलं. आपणही काढण्याची आवृत्ती इशाऱ्यातच लिहावी.