फिरत्या पात्याची जिग घरी ओतण्याचा संच: साचा उत्तम, स्विव्हल सुमार

शिशाचे डोके, त्यात ओतलेला गळ आणि डोक्याखाली स्विव्हलला (गरगर फिरणाऱ्या जोडकडीला) लोंबणारे फिरते पाते, अशा बांधणीच्या जिगला, म्हणजे मासे गरवण्याच्या कृत्रिम आमिषाला, अंडरस्पिन म्हणतात. अमेरिकेत ‘रोड रनर’ या नावाने ती १९५० च्या दशकापासून विकली जाते; आपल्याकडे खाडीत जिताडा आणि तांबोशी गरवणाऱ्यांच्या पेटीत ती अलीकडे दिसू लागली आहे. तयार नग महाग पडतो आणि कालवांच्या खडकात किंवा कांदळवनाच्या मुळांत अडकून सहज तुटतो. त्यामुळे या जिग घरीच बनवता याव्यात म्हणून ऑनलाइन मिळणारा एक संच मागवला आणि एक पूर्ण हंगाम वापरला. विक्रेत्याचे नाव येथे देत नाही, कारण याच बांधणीचे संच वेगवेगळ्या शिक्क्यांखाली विकले जातात आणि पुढचे गुणदोष त्यांपैकी बहुतेकांना लागू पडावेत.

संचात लाकडी मुठींचा दोन फाळ्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा साचा, वाकड्या मानेचे गळ, स्टेनलेस तारेचे तयार फासे, स्विव्हल, स्प्लिट रिंग (किल्ल्यांच्या कडीसारख्या दुहेरी वळणाच्या छोट्या कड्या) आणि दोन आकारांची पाती येतात. शिसे आपले आपण आणायचे. साच्यात ७, १०, १४ आणि २१ ग्रॅमची घरे असून दोन्ही फाळ्या एकमेकींवर इतक्या नेमक्या बसतात की ओतलेल्या डोक्याच्या कडेला कंगोरा जवळजवळ येतच नाही. ओतायच्या तोंडाशी गोठलेला शिशाचा देठ पकडीने तोडून कानस दोनदा फिरवली की काम झाले. स्वस्त संचांत सिलिकॉनचे साचे देतात, पण शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ओतताना त्याहून बरेच तापलेले असते. एवढी उष्णता साधे सिलिकॉन फार दिवस सोसत नाही. म्हणून धातूच्या साच्यासाठी जादा मोजलेले पैसे मला वाजवी वाटतात.

सोबतच्या माहितीपत्रकात एक महत्त्वाची गोष्ट मात्र लिहिलेली नाही. साचा थंड असेल तर शिसे घरात पोहोचण्याआधीच गोठते आणि डोके सुरकुतलेले, अर्धवट निघते. त्यामुळे साचा आधी तापवावा आणि घरांच्या आतून मेणबत्तीची पातळ काजळी धरावी; मग शिसे गळाच्या डोळ्याच्या (दोरी बांधायच्या छिद्राच्या) खाचेपर्यंत सुरळीत उतरते. सुरक्षेबद्दलही पत्रकात एकच ओळ आहे, आणि हे मला खटकले. वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब पडला तरी त्याची क्षणात वाफ होऊन शिसे अंगावर उडते, त्यामुळे जाळ्यातून सोडवलेल्या शिशाच्या जुन्या गोळ्या पूर्ण वाळवूनच भांड्यात टाकाव्यात. काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे. त्यासाठीची पळी आणि भांडे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये, आणि मुलांना तर त्या बाजूला फिरकूच देऊ नये. भंगारातल्या बॅटरीचे शिसे स्वस्त मिळते म्हणून कोणी सुचवले, तरी त्यातले आम्ल आणि विषारी घटक पाहता त्याला हातही लावू नये.

आता पात्यांविषयी, कारण या जिगचा सारा जीव त्यांत असतो. संचातले गोलसर कोलोरॅडो पाते फिरताना अक्षापासून दूर उघडते, पाणी जास्त ढवळते आणि जिगला वर उचलून धरते. त्यामुळे ती सावकाश ओढता येते. गढूळ खाडीत, जिथे माशाला आमिष दिसण्याआधी त्याची थरथर जाणवते, तिथे हेच पाते कामाचे. निमुळते विलो पाते अक्षाला चिकटून वेगाने फिरते, थरथर कमी आणि चमक जास्त देते; खडपातल्या नितळ पाण्यात ते बरे. दोन्ही पाती पितळेची, निकेलचा मुलामा दिलेली आहेत आणि त्यांचा बाक एकसारखा आहे, हे विशेष. ७ ग्रॅमच्या डोक्याला मात्र मोठे कोलोरॅडो लावू नये: ते मागे वळून गळाच्या टोकावर आपटते आणि मासा तोंडात घेतानाच आडवे येते.

संच घसरतो तो स्विव्हलवर. दिलेले स्विव्हल साध्या पिंपाच्या आकाराचे आहेत, त्यांत छर्रे (बॉल बेअरिंग) नाहीत. रीळ भरभर गुंडाळली तर पाते फिरते, पण जिताड्यासाठी जिग तळाजवळून रेंगाळत आणायची असते, आणि त्या संथ वेगात पाते नुसते लोंबत राहते. जिग खाली सोडतानाही पात्याने गिरकी घ्यायला हवी, कारण पुष्कळदा मासा त्याच क्षणी झडप घालतो. तिथेही हे स्विव्हल अडते. त्यात खारे पाणी शिरले की काही दिवसांत ते आणखी जड होतात. छर्ऱ्यांचे स्विव्हल वेगळे विकत घेऊन लावले, तर त्याच डोक्यावरचे तेच पाते अगदी हळू ओढीलाही फिरू लागते आणि छडीच्या टोकाशी बारीक थरथर स्पष्ट जाणवते. एवढा फरक पडत असताना विक्रेत्याने नेमकी इथेच काटकसर का करावी, हे कळत नाही.

गळ बरे आहेत, धारदार आहेत. मात्र त्यांवरचा काळा मुलामा गोड्या पाण्याला साजेसा आहे. धरणावर मरळीच्या मागे जाणाऱ्यांना ते चालतील. खाडीत वापरल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वाळवले नाहीत तर टोकाला तांबूस गंज धरतो, म्हणून समुद्रासाठी कथलाचा मुलामा असलेले गळ घ्यावेत. फक्त त्यांची मान साच्यातल्या खाचेत बसते का, हे ओतण्याआधी रिकाम्या साच्यात ठेवून पाहावे, कारण मान जराशी जाड असली तरी फाळ्या पुरत्या मिटत नाहीत.

वर्षाला दोन-चार जिग गमावणाऱ्याने या खटाटोपात पडू नये. शिसे, भांडे, रंगाची भुकटी आणि निराळे स्विव्हल धरता त्याला तयार नगच स्वस्त पडतील. दर आठवड्याला खडपात उतरणाऱ्याने किंवा चार-पाच जणांनी मिळून मात्र हा संच जरूर घ्यावा. विक्रेता साचा सुटा देत असेल तर तेवढाच घ्यावा आणि गळ व स्विव्हल आपल्या पाण्याप्रमाणे निवडावेत.