बाईची प्रोस्टेट टेस्ट करणारं कॅन्सर पॅकेज

वहिनीची आई कॅन्सरने गेली, त्यामुळे ती आधीच धास्तावलेली, त्यात एक फोन आला की फक्त रक्त द्या, सगळे मोठे कॅन्सर आधीच कळतात, सॅम्पल घरी येऊन नेतो. करून टाक म्हणालो मीच, त्यामुळे अर्धी चूक माझी.

रिपोर्टमध्ये सीए १२५ (ओव्हरीच्या, म्हणजे अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं प्रोटीन, अशांना मार्कर म्हणतात) आलं ५२, लिमिट ३५, लाल अक्षरात. रिपोर्ट नीट उघडून बघेपर्यंत परत फोन, मॅडम मार्कर पॉझिटिव्ह आहे, मोठं पॅनल (अजून बऱ्याच रक्ततपासण्या) आणि पेट स्कॅन (कॅन्सर शरीरात कुठे आहे ते बघायचं स्कॅन) आजच बुक करा, थांबलात तर पसरेल. बोलणारी बाई स्वतःला डॉक्टर म्हणवत होती. आम्ही घाबरून पैसे भरले पण, मग रजिस्ट्रेशन नंबर विचारला तर फोन कट, तो आजतागायत कोणी उचललेला नाही.

गायनॅककडे गेलो तर तिने पहिलंच विचारलं, रक्त दिलं तेव्हा पाळी चालू होती का? होती, दुसरा दिवस! पाळीत, फायब्रॉइडमध्ये (गर्भाशयातल्या साध्या गाठी), लिव्हरच्या त्रासात, पोटाच्या टीबीत, प्रेग्नन्सीत पण हे वाढतं. आणि ओव्हरीचा कॅन्सर पहिल्या स्टेजला असेल तर जवळपास निम्म्या बायकांचं हे नॉर्मलच येतं, म्हणजे आम्हाला ३५ च्या आत आकडा आला असता तर आम्ही निवांत बसलो असतो, ते जास्त डेंजर. वहिनीला सोनोग्राफीत एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार, कॅन्सर नाही) निघाला, पोटदुखी त्याचीच.

मार्कर बहुतेक वेळा कॅन्सर ठरल्यावर ट्रीटमेंट लागू पडतेय का ते बघायला वापरतात. गाठ कसली आहे हे ठरतं बायोप्सीवर, तुकडा फॉर्मलिनमध्ये जातो, मेणाचा ब्लॉक करतात, पातळ काप काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते मायक्रोस्कोपखाली बघतो. तुमच्यावर ती वेळ आलीच तर ब्लॉक आणि स्लाइड मागून घ्या, दुसऱ्या डॉक्टरला दाखवता येतात. आमच्या रिपोर्टवर तर पॅथॉलॉजिस्टचं नाव पण नव्हतं, सही म्हणजे नुसता शिक्का, आणि हे आम्ही पैसे गेल्यावर बघितलं.

नंतर शांतपणे वाचलं तेव्हा दिसलं की यादीत पीएसए पण आहे. प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या ग्रंथीची टेस्ट, वहिनीची! ती नॉर्मल आली म्हणे. त्यावरून तक्रार केली तर उत्तर आलं, पुढच्या पॅकेजवर सूट देतो.