कल्पनेला दोन वर्षांची मुदत : एनआयएएएचे आर-२१ अनुदान

मद्यपानाच्या दुष्परिणामांविषयी ज्यांना नवा प्रश्न सुचला आहे, पण तो तडीस जाईल असे दाखवणारे निष्कर्ष अजून हाती नाहीत, अशा संशोधकांसाठी अमेरिकेतील एनआयएएए या मद्यपानावरील संशोधनाला निधी देणाऱ्या सरकारी संस्थेचे आर-२१ अनुदान मला फार मोलाचे वाटते. प्राथमिक निष्कर्ष जोडण्याची अट त्यात नाही. दोन वर्षांत मिळून २,७५,००० डॉलरपर्यंत, पण कोणत्याही एका वर्षात २,००,००० डॉलरपेक्षा जास्त नाही, इतका थेट खर्च (म्हणजे संस्थेचा वरखर्च सोडून खुद्द संशोधनाचा खर्च) मागता येतो आणि संशोधनाचा आराखडा ६ पानांत मांडावा लागतो. आर-०३ या धाकट्या अनुदानात वर्षाला ५०,००० डॉलरच मिळतात. आधी जमवलेल्या माहितीच्या विश्लेषणापुरते ते ठीक आहे.

मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती सवलत वेगळीच आहे. पदवी किंवा प्रशिक्षण संपल्यापासून १० वर्षांच्या आत असलेल्या संशोधकाला पहिल्या मोठ्या, म्हणजे आर-०१ अनुदानासाठी नवोदित म्हणून जे प्राधान्य मिळते, ते आर-२१ घेतल्याने गमवावे लागत नाही.

मुदत मात्र या विषयाला अपुरी पडते. उंदराच्या पिंजऱ्यात एक बाटली पाण्याची आणि एक मद्यमिश्रित पाण्याची लावायची, तो सवयीने एकाच बाजूला जाऊ नये म्हणून त्यांच्या जागा बदलत राहायचे आणि प्रत्येक वेळी बाटल्यांचे वजन करून किती प्यायले गेले ते नोंदवायचे, या साध्या प्रयोगातही पिण्याचे प्रमाण स्थिरावेपर्यंत अनेक आठवडे जातात. माणसांवरील अभ्यासात नीतिसमितीची मंजुरी घ्यायची, सहभागी मिळवायचे आणि दारू सोडलेला माणूस पुन्हा पिऊ लागतो का हे महिनोन्महिने पाहायचे, तर दोन वर्षे कशी पुरणार? त्यात या अनुदानाचे नूतनीकरणही होत नाही.

तरीही हा पैसा सरकारी तिजोरीतून, तज्ज्ञांच्या परीक्षणानंतर येतो, याला मी मोठे वजन देतो. मर्यादित मद्यपानाचा आरोग्यावर काय परिणाम होतो हे पाहणारी सुमारे १० कोटी डॉलरची चाचणी २०१८ मध्ये थांबवावी लागली, कारण तिच्यासाठी याच संस्थेतील अधिकाऱ्यांनी नियम डावलून मद्य कंपन्यांकडे निधी मागितला होता. ज्यांचा प्रश्न प्राण्यांवर किंवा साठवलेल्या रक्तनमुन्यांवर तपासता येतो, त्यांनी अर्ज जरूर करावा. रुग्णांचा पाठपुरावा करायचा असेल, तर नीतिसमितीकडील कागदपत्रे निधी येण्यापूर्वीच तयार ठेवावीत.