सुपरटक्सकार्ट: दोन वर्षं खेळून आणि एक ट्रॅक बनवून

आमच्या जुन्या लॅपटॉपवर दोन वर्षं सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा ओपन सोर्स (म्हणजे कुणालाही बघता, बदलता, वाटता येणारा) गेम आहे. गेम फुकट, जाहिराती नाहीत, आणि एकाच कीबोर्डवर लेक आणि भाचा भांडत भांडत खेळतात. लेक टक्स पेंग्विन घेते, भाच्याला ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधली सुझान माकडीणच लागते. वळणावर गाडी घसरवत नेली की पुढे जोर मिळतो. ते जमायला आठवडा गेला, पण जमल्यावर सोडवत नाही. सगळे ट्रॅक मात्र एका हातचे वाटत नाहीत. 'कोको टेंपल' देखणा, तर काही अगदीच जुनाट. खेळ म्हणून चार तारे.

पाचवा तारा मी ट्रॅक बनवताना दिला.

मला गुहागरच्या आमच्या आजोळचा रस्ता करायचा होता: चिऱ्याचे गडगे, माड, शेवटी समुद्र. ब्लेंडरमध्ये रस्ता झाला, झाडांचा कंटाळा आला. एका मोठ्या रेसिंग गेमच्या मोडमध्ये (खेळणाऱ्यांनीच बनवून चढवलेल्या भरीत) सुरेख माड सापडले, डाउनलोडही फुकट. पण ते दुसऱ्याच गेममधून उचललेले होते. चढवणाऱ्याच्याच मालकीचे नव्हते, तर तो मला परवानगी कुठून देणार? सुपरटक्सकार्टमध्ये असलं सामान चालत नाही. 'फक्त बिगरव्यावसायिक वापरासाठी' अशी अट असलेलंही नाही, कारण हा गेम उद्या कुणी सीडीवर घालून विकला तरी ते कायदेशीरच असायला हवं.

मग स्पीड ड्रीम्स या दुसऱ्या रेसिंग गेमकडे वळले. तोही ओपन सोर्स, टॉर्क्स नावाच्या जुन्या गेममधून निघालेला. म्हटलं, आता काय अडचण? पानं तिथली घेतली, खोड सुपरटक्सकार्टमधल्या एका झाडाचं, आणि दोन्ही झाडावर चढवायच्या १०२४ बाय १०२४ पिक्सेलच्या एकाच चित्रात बसवली. घोळ नेमका तिथे झाला. पानं फ्री आर्ट लायसन्सखाली, खोड क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ३.० खाली; दोन्ही इतरांना काम वापरू देणारे परवाने. दोघांचंही म्हणणं एकच: बदल केलास तर तो माझ्याच अटींवर वाट. वेगळ्या फाईलींत ठेवलं असतं तर ज्याचं लायसन्स त्याच्यापाशी राहिलं असतं. एका चित्रात मिसळल्यावर दोघांचं ऐकावं लागतं. २०१४ पासून फ्री आर्ट १.३ आणि बाय-एसए ४.० एकमेकांना चालतात, आणि ३.० वरून ४.० कडे जाता येतं, म्हणून ते चित्र ४.० खाली देण्याचा मार्ग होता. ४.० वरून ३.० कडे मात्र येता येत नाही. रात्री दीडपर्यंत मी हेच वाचत बसले होते.

भाच्याला ही सगळी कटकट वाटते. मला नाही वाटत. फोर्झा होरायझन ४ हा विकतचा रेसिंग गेम २०१८ चा. परवान्यांच्या करारांमुळे १५ डिसेंबर २०२४ ला तो विक्रीतून काढला. ज्यांनी आधी घेतला त्यांचा चालतो, पण नव्यानं विकत घेता येत नाही. सुपरटक्सकार्टमधल्या झाडांना, गाड्यांना, गाण्यांना अशी मुदतच नाही. कुणी, काय, कुठल्या अटीवर दिलं ते त्या सामानासोबतच लिहिलेलं असतं.

मे महिन्यात आजोळी गेले तेव्हा परसातल्या माडाचे फोनवर फोटो काढले: खोडावरची वळी, खाली लोंबणारी एक वाळकी झावळी. ते मिसळलेलं चित्र काढून टाकलं आणि हे लावलं. माझ्या ट्रॅकच्या लायसन्सच्या फाईलमध्ये आता 'माड' या ओळीपुढे माझं नाव आहे.