टीकेटीएस: त्याच दिवसाची तिकिटं आणि सात दिवसांची सोय

इंदूरहून मुलांकडे न्यूजर्सीला जाणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितेय. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये लाल पायऱ्यांखाली टीकेटीएसच्या तिकीट खिडक्या आहेत, तिथे ब्रॉडवेच्या नाटकांची त्याच दिवसाची तिकिटं २० ते ५० टक्के सवलतीत मिळतात, हे पोरांनी सांगितलेलं असतंच. सात दिवसांचं मात्र आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं.

तिथून एकदा तिकीट काढलं की पुढचे सात दिवस ते दाखवून थेट एक नंबरच्या खिडकीवर जाता येतं. रांग नाही! जानेवारीत नाकाचा शेंडा बधिर झालेला असताना याची किंमत कळते. मी पुढची सगळी नाटकं त्यावरच बेतली. आधीचं तिकीट पर्सच्या पुढच्या कप्प्यात, पासपोर्टच्या झेरॉक्सशेजारी. मुलगी एकदा कचरा समजून फेकायला निघाली होती, तिच्या हातातून काढून घेतलं.

सुरुवातीला मी इथल्या मैत्रिणींना फोनवर 'रश घ्या' असं सांगत होते. सकाळी बॉक्स ऑफिस उघडायच्या आधी थिएटरच्या दारात उभं राहायचं, मोजकी तिकिटं अगदी स्वस्तात मिळतात. १९९६ साली 'रेंट' या संगीतिकेने पुढच्या दोन ओळी २० डॉलरला द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून ही पद्धत रुळली. आता मात्र मी रश सुचवणार नाही. दोघांना शेजारी खुर्च्या मिळतीलच असं नाही, आणि कडेची मिळाली तर रंगमंचाचा एक कोपरा दिसतच नाही. यांना मान वाकडी करून अडीच तास बसवत नाही. टीकेटीएसच्या खिडकीतल्या बाईने आसनांचा नकाशा आमच्याकडे फिरवला, पेनाने दोन चौकोन दाखवले आणि मगच पैसे घेतले. हे मला फार आवडलं.

'हॅमिल्टन' या संगीतिकेच्या १० डॉलरच्या तिकिटांची सोडत आम्हाला लागली नाही. नाव टाकायला पैसे पडत नाहीत, टाकत राहा.

राग आहे तो एका तिकीट ॲपवर. पहिल्या पानावर एक भाव, आणि पैसे भरताना प्रत्येक तिकिटामागे वेगळं शुल्क चढवलेलं. तक्रार केली तर तेच ते छापील उत्तर. मी रुपयांत हिशेब करते आणि करणारच. शुल्क आहे तर पहिल्या पानावर लिहा ना. टीकेटीएसही शुल्क घेतं, पण तो कारभार थिएटर डेव्हलपमेंट फंड या ना-नफा संस्थेचा आहे, १९७३ पासूनचा, आणि पैसा रंगभूमीच्याच कामी येतो. ते द्यायला माझी मुळीच ना नाही.

आपल्याला इंदूरच्या सानंद या नाट्यप्रयोग करवणाऱ्या संस्थेची सवय. वर्षाची वर्गणी आधी भरलेली, गट ठरलेला, नाटक कोणतं ते संस्था बघते. तिकडे न्यूयॉर्कला सकाळी काहीच ठरलेलं नसतं. खिडकीवर आत्ता काय आहे ते टीकेटीएसच्या ॲपमध्ये दिसतं, आणि न विकलेल्या जागा थिएटरवाले सोडतात तशी प्रयोगाच्या थोडं आधीही नवी नावं चढतात. एकाच नाटकाचा हट्ट धरून गेलात तर हिरमोड होईल. तीन-चार नावं मनात ठेवून जा. संगीतिका नको, गद्य नाटकच हवं असेल तर त्याची खिडकी वेगळी आहे, तिथे गर्दीही कमी.

न्यूजर्सीत जर्नल स्क्वेअरजवळ राहत असाल तर न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ या लोकल गाडीने ३३व्या रस्त्यावर उतरा आणि ४७व्यापर्यंत, म्हणजे टीकेटीएसच्या खिडक्यांपर्यंत, चालत जा, सबवेचं तिकीट वाचतं. बुधवारी दुपारचाही प्रयोग असतो, तो घेतलात तर रात्रीच्या थंडीत परतावं लागत नाही.