पंधरा हजार रुपये आणि तीन वाटा: जत्रेतला स्टॉल, मोबाईल की व्यावसायिकांचा क्लब?

जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याच्या एक ताई घरी काळा मसाला आणि बिबडे (ज्वारीचे पापड) करतात. दोन वर्षं झाली, हात बसलाय, चव उत्तम आहे. परवा त्यांचा फोन आला. भिशीचे १५ हजार हातात आलेत, ते धंदा वाढवायला लावायचे आहेत. जाऊबाई म्हणतात जत्रेत स्टॉल लाव, भाचा म्हणतो सगळं मोबाईलवर कर, आणि ओळखीचे एक दुकानदार म्हणतात आमच्या क्लबात या. अर्धा तास बोललो तरी सगळं सांगून झालं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. मी जळगावात अकरा वर्षं याच धंद्यात आहे आणि तिन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत.

आधी एक हिशेब करा. तुमचं एक गिऱ्हाईक एका वेळी किती नफा देतं आणि परत कधी येतं? समजा पाव किलो मसाल्याच्या पाकिटामागे ४० रुपये सुटतात आणि घरात ते दीड महिन्यात संपतं. म्हणजे गिऱ्हाईक छोटं, पण वर्षातून सात-आठ वेळा येणारं. छतावर सोलर बसवून देणाऱ्याचं उलटं असतं. एका घरात काही हजार सुटतात, पण तेच घर परत सोलर घेत नाही. या दोघांना एकच सल्ला कसा लागू पडेल?

स्टॉल

मसाल्याला पहिलं गिऱ्हाईक स्टॉलवरच मिळतं, असं माझं ठाम मत आहे. वास फोनमधून जात नाही.

अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा भरते, बोरी नदीच्या पात्रात. तिथे सत्तरीच्या एक आजी माझ्या टेबलापाशी थांबल्या. चिमूटभर मसाला अंगठा आणि बोटात चोळला, नाकाशी नेला आणि विचारलं, "हाऊ मसाला कितलाले शे?" मी भाव सांगितला. त्यावर दुसरा प्रश्न, "यामा खोबरं भाजेल शे का?" भाजलेलं आहे, रंग बघा, म्हटलं. त्यांनी एक पाकीट घेतलं, गर्दीत गेल्या आणि दहा मिनिटांनी दोन सुना आणि एक शेजारीण घेऊन परत आल्या. असं गिऱ्हाईक कुठल्याही जाहिरातीने येत नाही.

कोरडा मसाला चाखायला देऊ नका. छोट्या शेगडीवर शेवभाजीचा रस्सा गरम ठेवा आणि कागदी कपात दोन घोट द्या. तर्री दिसली की माणूस थांबतो.

जत्रा आणि शहरातलं प्रदर्शन यांत फरक आहे. जत्रेत माणूस देवदर्शनाला आलेला असतो, हातात पोरं असतात, मोठं पाकीट सांभाळायची त्याची तयारी नसते. तिथे ५० ग्रॅमच्या पुड्या जास्त न्या. बचत गटांच्या प्रदर्शनात बाया पिशवी घेऊनच येतात आणि अर्धा किलो, किलो घेतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोडेबाजारामुळे परराज्यातलेही लोक येतात. गर्दी अफाट असते, पण त्यातला मोठा भाग तुमच्याकडे परत येणार नाही. नवीन माणसाने तिथून सुरुवात करू नये.

खर्चाचं बघा. समजा जागेचं भाडं ५ हजार, गाडी आणि जेवणखाण २ हजार, चाखायला घातलेला माल १ हजार. झाले ८ हजार. ४० रुपये नफ्याने २०० पाकिटं विकली की तुम्ही बरोबरीला आलात. चार दिवसांत २०० पाकिटं जातात, जागा कोपऱ्यातली मिळाली नाही तर. बिबड्यांचा चुरा होतो, त्यामुळे ते डब्यातच न्या.

पहिल्या वर्षी माझा सगळा माल संपला आणि मी रिकामे डबे घेऊन आनंदात घरी आले. पुढचा महिनाभर एकही फोन आला नाही. कारण मी कुणाचा नंबर घेतला नव्हता आणि पाकिटावर माझा नंबर इतका बारीक होता की वाचता येत नव्हता. दुसऱ्या वर्षी वही ठेवली: नाव, गाव, मोबाईल, काय घेतलं. पाकिटं तेवढीच विकली गेली, पण त्या वहीतल्या घरांकडे आजही माझा मसाला जातो.

मोबाईल

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यामुळे घ्यावं की नाही हा प्रश्नच नाही. त्यात मालाचा कॅटलॉग लावता येतो, गिऱ्हाइकांना लेबल लावता येतं, नेहमीची उत्तरं साठवून ठेवता येतात. "पुणे", "सुरत", "फक्त बिबडे" अशी लेबलं लावा, नंतर खूप वेळ वाचतो.

पण एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यालाच तो मेसेज जातो. म्हणजे वहीत ३०० नंबर लिहून आणले आणि त्यातल्या ४० जणींनीच तुमचं नाव सेव्ह केलं असेल, तर मेसेज ४० जणींनाच पोचला. म्हणून स्टॉलवर पैसे घेता घेता म्हणा, "ताई, माझा नंबर 'मसाला जळगाव' म्हणून टाकून ठेवा, संपला की सापडेल." समोरच्या बाईला फोन काढून तिथेच करायला लावा. आणि न विचारता कुणालाही ग्रुपमध्ये घालू नका, लोक वैतागतात.

पैसे भरून केलेल्या जाहिरातीबद्दल माझं मत चांगलं नाही, निदान आपल्या मालापुरतं तरी. मी एकदा २ हजार घातले. लाइक भरपूर आले, लांबलांबून भाव विचारणारे मेसेज आले, आणि पाव किलोच्या पाकिटाला कुरिअरचा खर्च ऐकला की सगळे गप्प. करायचीच झाली तर आपला जिल्हा आणि आपली माणसं जिथे आहेत ती दोन-तीन शहरं एवढाच भाग निवडा.

आपली माणसं कुठे आहेत हे मात्र नीट बघा. सुरतला उधना, लिंबायत भागात किती खानदेशी राहतात! पुण्यात, नाशकात, कल्याण-डोंबिवलीकडे आहेतच. त्यांना शेवभाजीचा आणि भरताचा मसाला हवाच असतो, तिथल्या दुकानात मिळत नाही. एकेक पाकीट पाठवणं परवडत नाही, पण एका सोसायटीतली एक ताई दहा घरांची ऑर्डर गोळा करते आणि पाच किलोचं खोकं रात्रीच्या ट्रॅव्हल्सने जातं. तिला दर दहा पाकिटांमागे एक पाकीट द्या. ते जाहिरातीच्या खर्चात धरा.

मोबाईलला पैसा लागत नसला तरी वेळ लागतो. संध्याकाळचे दीड-दोन तास उत्तरं देण्यात जातात, आणि उत्तर दुसऱ्या दिवशी दिलं तर गिऱ्हाईक गेलेलं असतं.

रस्त्यावर दुकान किंवा ढाबा असेल तर गूगल मॅपवर नोंद आजच करा, तीही फुकट आहे. धुळ्याजवळ मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, तिथला भुकेला प्रवासी मोबाईलवरच जेवण शोधतो. घरगुती मसाल्याला त्याचा उपयोग कमी.

क्लब

हे क्लब चालतात कसे, ते आधी. बीएनआय ही १९८५ साली अमेरिकेत इव्हान मिस्नर यांनी सुरू केलेली संस्था. एका गटात एका व्यवसायाचा एकच माणूस, दर आठवड्याला बैठक, आणि सगळ्यांनी एकमेकांना कामं मिळवून द्यायची. मराठी उद्योजकांसाठी माधवराव भिडे यांनी सॅटर्डे क्लब उभा केला, "एकमेकां साह्य करू, अवघे होऊ श्रीमंत" हे त्याचं ब्रीद. कल्पना चांगली आहे आणि मी तिला नावं ठेवणार नाही. ज्यांचं एकेक काम मोठं असतं आणि जे विश्वासावर मिळतं, त्यांना फीचा पैसा सहज सुटतो: सोलरवाले, इंटिरिअरवाले, सीए, छापखाना, केटरर.

मसाल्याचं काय? समजा फी, नाश्ता, जाणं-येणं धरून वर्षाला ४० हजार लागले. ४० रुपये नफ्याने ती १,००० पाकिटं झाली. गटातली तीस-चाळीस घरं कौतुकाने एकेक पाकीट घेतील आणि तिथेच थांबतील.

एक गोष्ट असेल तर मात्र चित्र बदलतं. तुम्हाला हॉटेल, मेस आणि केटररना किलोवारी माल द्यायचा असेल तर क्लब उपयोगाचा. महिन्याला पंधरा किलो घेणारे दोन केटरर मिळाले तर गणित बसतं. पण मग भाव कमी, उधारी महिना-दीड महिन्याची, आणि चव दर खेपेला तंतोतंत तीच लागते. चोपड्याच्या ताई अजून हाताने भाजतात, तेवढा माल त्यांच्याकडून निघणार नाही. पाहुणी म्हणून एका बैठकीला बसून यावं. तिथे हॉटेलवाले आणि केटरर किती आहेत ते मोजावं, बाकी भाषणांवरून काही ठरवू नये.

आणि ज्याला फी नाही असा आपला क्लब आपल्याकडे आहेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि परत जाताना पापड, बिबडे, वर्षाचा मसाला घेऊन जातात. माझी सगळ्यात मोठी विक्री त्या आठ दिवसांत होते. श्रावणात कानबाईच्या सणाला तर सुरत-मुंबईची भावकी रोटाच्या नैवेद्यासाठी गावात जमते. त्या वेळी गल्लीतल्या प्रत्येक घरात एक पुडी फुकट द्या, नंबर मोठ्या अक्षरात लिहून. पुढच्या महिन्यात सुरतेहून फोन येतो.

चोपड्याच्या ताईंना मी सांगितलं ते असं. क्लब दोन वर्षं बाजूला ठेवा. ८ हजार एका प्रदर्शनासाठी, जत्रेसाठी नाही. २ हजार पाकिटं आणि लेबलसाठी. त्यावर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा नोंदणीचा) १४ आकडी नंबर, वजन, तारीख आणि ठळक मोबाईल नंबर पाहिजेच. नोंदणी झाली नसेल तर आधी ती करा. उरलेल्या ५ हजारांची नंदुरबारची मिरची हंगामात घेऊन ठेवा, कारण प्रदर्शनानंतर ऑर्डर आल्या आणि माल नसला तर ते गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. मोबाईलला फक्त रोजचे दोन तास.

आणि वह्या दोन न्या. गर्दीत एकाच वेळी दोघी नंबर लिहायला तयार असतात. पेन सुतळीने टेबलाला बांधून ठेवा, दुपारपर्यंत सगळी पेनं गायब होतात.